खालून तिसरी ओळ

हस्तलिखिताला ओळींचे आकडे नाहीत.
पानं एकतीस, आकृत्या सहा,
लेखकाचं नाव संपादकानं झाकलेलं.
ओळख नाही आणि ओळही मोजलेली नाही;
मग मी बोट ठेवायचं कुठे?

तार्तूत आज उणे चौदा.
खिडकीशी बसून पेन्सिलीनं
समासात आकडे घालत जाते,
पाच, दहा, पंधरा,
आई विणताना टाके मोजायची तशी;
मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

पान दोन, ओळ चौदा: "लक्षणीय" म्हणजे किती?
पान चार, दुसरा परिच्छेद: वाक्यांना कर्ता नाही.
मोजलं गेलं, वगळलं गेलं, गृहीत धरलं गेलं.
कुणी?
आकृती तीन, डावा अक्ष: एकक राहिलं.
तक्ता दोनची बेरीज एकशे एक टक्के होते.
(ह्या मुलाला किंवा मुलीला झोप मिळत नसावी.)

चाळीस वर्षं हेच करत आले.
"एकूण मांडणी सैल आहे" असं लिहिणं सोपं,
त्यानं कुणाचं काही सुधारत नाही.
सैल कुठे ते सांगावं लागतं.
टाका कुठला सुटला.

मग पान नऊ.
खालून तिसरी ओळ.
"१९९१पूर्वीच्या नोंदी प्रमाणित पद्धतीच्या नसल्याने
विचारात घेतलेल्या नाहीत."

आठ शब्द.
तेहतीस हिवाळे.

पेइप्सी सरोवराच्या काठी, मुस्तवेला,
फिओक्तिस्त नावाचा माणूस होता. कांदे पिकवायचा,
थंडीत बर्फाला भोक पाडून मासे धरायचा.
रोज सकाळी त्याच भोकात खुणांची काठी घालून
जाडी बघायचा, आणि कांद्याच्या हिशेबवहीत,
उधारीच्या खाली, लिहून ठेवायचा:
"बर्फ एकेचाळीस. वर पाणी. घोडा परत नेला."
"बर्फ अडतीस. वारा. धाकटीला ताप."
काठी त्याची स्वतःची. मी एकदा
पोलादी पट्टीला लावून पाहिली होती,
मीटरभरात दोन मिलिमीटर कमी.
त्या वह्या मीच बसमधून तार्तूला आणल्या,
मांडीवर, कांद्याच्या वासासकट.

हे सगळं कुठे लिहू?
चौकटी दोन आहेत. एक लेखकासाठी,
एक फक्त संपादकाच्या नजरेसाठी.
संपादकाला कळवलं: त्या वह्या मीच आणलेल्या,
माझं मत तेवढ्या बेतानं घ्यावं.
लेखकाला आधी दीड पान लिहिलं.
त्यात घोडा आला, तापही आला.
मग खोडलं.

उरलं ते एवढं:
"पान ९, खालून तिसरी ओळ.
प्रमाणित नाहीत हे कशावरून? वह्या पाहिल्या का?
विद्यापीठाच्या तळघरात आहेत, खोका सतरा.
काठीची चूक मीटरमागे दोन मिलिमीटर."

एप्रिलात सुधारित प्रत आली.
आता ओळींना आकडे होते, एक ते सातशे बारा.
सोबतच्या पत्रात: "समीक्षक दोन यांचा मुद्दा मान्य.
जुन्या पान ९ वरची ती ओळ काढली आहे.
पाहा ओळी २१९ ते २३१, आणि आकृती चार."

आकृती चारमध्ये डावीकडे
नवे पोकळ ठिपके, हिवाळ्यामागे एक.
रेषेला धरून चालत नाहीत,
तिच्या आसपास रेंगाळतात,
१९६३चा तर एकटाच पार वर जाऊन बसलाय.

ओळ २२४:
"निरीक्षक फिओक्तिस्त, आडनाव अस्पष्ट."

पेन्सिल ठेवली. शेवटचा शेरा टंकला:
"ओळ २२४. आडनाव अस्पष्ट नाही,
वर चहा सांडलेला आहे.
पान उजेडाकडे धरून वाचावं: बारानिन.
बाकी हरकत नाही."